आधी माती, मग बी

मुंबईत वसंताची तयारी झाडू हातात घेऊन करावी लागते. फेब्रुवारीत देशी बदामाची मोठी पानं लाल होऊन गळतात, वर्षावृक्षाखाली बारीक पानांचा सडा पडतो, पिंपळ थोडे दिवस उघडा राहतो आणि लगेच तांबूस पालवी धरतो. हा सगळा पाला सकाळी गोण्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत जातो, नाहीतर गल्लीच्या टोकाला कुणीतरी त्याला काडी लावतं. उघड्यावर कचरा जाळायला 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बंदी घातली. तरी पहाटेचा तो धूर थांबलेला नाही. शहरातल्या लोकांना बागकाम शिकवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. या कामात बरीच वर्षं गेल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे: फेब्रुवारीच्या कार्यशाळेत लोकांच्या हाती रोप देऊ नये, पाल्याची गोणी द्यावी.

बोलावणं येतं ते मात्र रोपांसाठीच. माणशी दोन कुंड्या, एक गुलाब, एक टोमॅटो आणि दोन तासांत आटोपेल असा कार्यक्रम. बोलावणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण त्या रोपांचं पुढे काय होतं ते मी पाहिलेलं आहे. मार्चपासून गच्ची तापायला लागते. रात्रीचा गारवा गेला की टोमॅटोला फुलं येतात आणि गळून जातात, फळ धरत नाही. कुंडीतली लाल माती पाणी घातलं की घट्ट बसते, वाळली की भेगाळते. आणि मग येतो मे. शाळा सुटल्या की निम्मी इमारत गावाला जाते. कोकणात, घाटावर, उत्तर प्रदेशात. कुंड्यांकडे बघायला महिनाभर कुणी नसतं. जूनमध्ये कुलूप उघडतं तेव्हा कुंडीत नुसती काडी उरलेली असते आणि घरातली माणसं म्हणतात, "आमच्या हाताला झाडं लागत नाहीत." हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं. त्या हातांचा काही दोष नसतो. वेळ चुकलेली असते, माती चुकलेली असते.

साकीनाक्याच्या एका महिला बचत गटाने मला बोलावलं तेव्हा मी हेच सांगितलं. त्यांची पुनर्वसन योजनेतली सात मजली इमारत आहे, चाळीतली घरं पाडून उभी राहिलेली. चाळीत प्रत्येकीच्या दारात डब्यात तुळस, कोरफड, गवती चहा असायचा. वर आल्यावर ते गेलं. गच्ची आहे, पण तिला कुलूप. खाली इमारतीच्या मागे भिंतीला लागून एक चिंचोळी पट्टी आहे, तिथे मोडक्या सायकली आणि जुनी दारं पडलेली. गटाच्या अध्यक्षबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ताई, त्या दिवशी आम्ही काहीच लावायचं नाही?" मी म्हटलं, "थोडं लावू. पण बाकीचा सगळा वेळ माती करायची." त्यांनी थोडा विचार केला. "माती विकत मिळत नाही का?" मिळते. गोणीवर मिळते. पण ती कुठून खणून आणली आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. कुठल्या तरी टेकडीचा पायथा किंवा कुठलं तरी शेत खरवडून ती आलेली असते. आपल्या दारात रोज इतका पाला आणि भाजीचा कचरा पडत असताना दुसऱ्याची जमीन खरवडून आणायला माझं मन घेत नाही.

साकीनाका ज्यांनी पाहिला आहे त्यांना तिथे बाग ही कल्पनाच अवघड वाटेल. अंधेरी-कुर्ला रस्ता आणि साकी विहार रस्ता जिथे मिळतात तो हा नाका. 8 जून 2014 ला मेट्रोची पहिली मार्गिका सुरू झाली तेव्हापासून डोक्यावर गाड्या धावतात आणि खाली तेवढीच गर्दी आहे. खैरानी रोडच्या दोन्ही बाजूंना गाळे: कुठे फर्निचर, कुठे शिवणकाम, कुठे पत्रा कापणं, कुठे भंगाराची वर्गवारी. मोकळी जमीन नजरेला पडत नाही. पण साकी विहार रस्त्याने पुढे गेलं की पवई येतं आणि त्याच्या मागे विहार तलाव. 1860 च्या सुमारास मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं ते या विहारमधून. ज्या रस्त्याच्या नावात विहार आहे त्या रस्त्याच्या आसपासच्या चढावरच्या वस्त्यांत आज नळ थोडा वेळ येतो आणि बाया पिंपं भरून ठेवतात. इथे बागेसाठी नळ लावून पाणी द्या असं सांगणं म्हणजे घरातल्या बाईचं काम वाढवणं. म्हणून पाणी कमी लागेल अशीच माती हवी, आणि पाणी धरून ठेवणारी माती म्हणजे कुजलेल्या पाल्याची माती. सगळं फिरून पुन्हा पाल्यापाशीच येतं.

कार्यशाळेच्या आधी गच्ची पाहायला गेले. सोसायटीचे सेक्रेटरी किल्ली घेऊन सोबत आले. त्यांना गळतीची काळजी होती आणि ती रास्त होती. मी त्यांना हिशेब मांडून दाखवला. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी आपल्याकडच्या मानकांत चौरस मीटरला साधारण 150 किलोचा भार धरतात. ओल्या मातीचा एक फूट जाडीचा थर टाकला तर चौरस मीटरला सुमारे 500 किलो होतात. म्हणजे गच्चीवर मातीचे वाफे ओतायचा प्रश्नच नाही. वर फक्त हलकी क्रेट ठेवायची, तीही कडेने, तुळया आणि खांब आहेत तिथे, आणि प्रत्येक क्रेटखाली विटा, म्हणजे पाणी अडणार नाही आणि वॉटरप्रूफिंग डोळ्यांखाली राहील. जड काम सगळं खालच्या पट्टीत. हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा सैलावला. मग त्यांनी दुसरी अडचण सांगितली, आणि ती मी कुठल्याही पुस्तकात वाचली नव्हती. "शिवरात्र झाली की बायकांची वाळवणं सुरू होतात. पापड, कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या चकल्या. गच्ची तेव्हा भरलेली असते. मातीची धूळ उडाली तर मला कुणी सोडायचं नाही." आम्ही तिथेच खडूने रेघ मारली. पूर्वेकडची बाजू वाळवणाची, पश्चिमेचा कठडा क्रेटचा, आणि गच्चीवर कोरडी माती चाळायची नाही. पुढे सगळ्यांनी ती रेघ पाळली.

कार्यशाळा शिवरात्रीच्या आधीच्या रविवारी ठरली. पाला गोळा करायचं काम आठवडाभर आधीच सुरू केलं होतं. गटातल्या दोघी-तिघींनी रस्ता झाडणाऱ्या कामगार बायकांशी बोलणं केलं: प्लॅस्टिक वेगळं काढून नुसता पाला द्या, गोण्या आमच्या. त्यांनी आनंदाने दिला. त्यांना तेवढी गाडी कमी भरावी लागते. रविवारी सकाळी पट्टीत गोण्यांची रास उभी होती. रसवंतीवाल्याने उसाची चिपाडं ठेवली होती, शहाळीवाल्याने रिकामी शहाळी. आरेच्या तबेल्यातून शेण आणि गोमूत्र आणायला एक रिक्षावाले दादा पहाटेच गेले होते. पाला भिजवायच्या द्रावणाच्या मूळ कृतीत देशी गाईचं शेण सांगितलं आहे. आरे वसाहत 1949 मध्ये उभी राहिली ती शहरातल्या म्हशींच्या तबेल्यांना जागा देण्यासाठी, त्यामुळे शेण मिळालं ते म्हशीचं. ताजं होतं, तेवढं मला पुरे होतं.

मी बोलायला उभी राहिले तेव्हा मागून एका गृहस्थांनी विचारलं, "पण ताई, शहरात असं खरंच कुणी करून दाखवलंय का, की हे सगळं गावाकडचं?" प्रश्न योग्य होता. मी त्यांना मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराची गोष्ट सांगितली. तिथे सुमारे 3000 कर्मचाऱ्यांचं जेवण होत असे. भाजीची देठं, सालं, उरलंसुरलं रोज फेकावं लागे. तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी 2002 मध्ये हा कचरा त्याच इमारतीच्या गच्चीवर जिरवायला सुरुवात केली. कचऱ्याची माती झाली आणि त्या मातीत फळझाडं, भाज्या, वेली वाढल्या. डॉ. आर. टी. दोशी यांनी त्याआधी वांद्र्याच्या गच्चीवर उसाच्या चिपाडांत भाजी पिकवून दाखवली होती. त्यांचं मार्गदर्शन पाटील यांना मिळालं. आणि या सगळ्याच्या मागे कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर. हे गणिताचे प्राध्यापक, पण त्यांनी शेतकऱ्यांचा प्रयोग परिवार उभा केला, 'विपुलाच सृष्टी' लिहिलं, आणि दहा गुंठ्यांत एक कुटुंब नीट जगू शकतं हे गणित लोकांपुढे मांडलं. त्यांचे शिष्य दीपक सचदे यांनी मध्य प्रदेशात बजवाड्याला हीच पद्धत पुढे नेली आणि तिला अमृत मिट्टी हे नाव दिलं. आपल्याकडे शहरी बागकाम म्हणजे परदेशातून आलेली आवड असं अनेकांना वाटतं. ते तसं नाही. त्याची मुळं कोल्हापुरात, मुंबई बंदरात आणि वांद्र्याच्या गच्चीवर आहेत. हे मी प्रत्येक ठिकाणी सांगते, कारण ते आपल्या लोकांनी विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

मग कामाला लागलो. पहिलं काम द्रावणाचं. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम काळा गूळ. हे दिवसातून तीनदा काठीने ढवळायचं, बारा वेळा एका बाजूने, बारा वेळा उलट्या बाजूने. तीन दिवस. चौथ्या दिवशी त्यात दहापट पाणी घालायचं. गूळ हे जिवाणूंचं खाणं. शेणात ते असतातच, गुळामुळे त्यांची संख्या झपाट्याने वाढते. एक पिंप मी तीन दिवस आधीच बचत गटाकडून करून घेतलं होतं, त्यामुळे रविवारी ते तयार होतं. दुसरं पिंप सगळ्यांसमोर केलं, म्हणजे कृती हातात बसेल. पहिल्या पिंपाचं झाकण उघडलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या मुली नाकाला रुमाल लावून मागे सरकल्या. वास आंबूस होता, घाण नव्हता. दोन्हींतला फरक ओळखता आला पाहिजे. सडका वास आला तर हवा कमी पडली आहे, ढवळणं चुकलं आहे.

बदामाची पानं जाड आणि चिवट असतात, तशीच टाकली तर महिनोन्‌महिने कुजत नाहीत. ती गोण्यांत अर्धी अर्धी भरून तोंड बांधलं आणि मुलांना म्हटलं, नाचा यावर. इमारतीतली सगळी पोरं तासभर त्या गोण्यांवर उड्या मारत होती. पानांचा चुरा झाला. चुरा द्रावणात भिजवला. सुक्या पानात कर्ब भरपूर आणि नत्र कमी असतं, कारण पान गाळण्याआधी झाड त्यातलं बरंचसं नत्र परत ओढून घेतं. म्हणून नुसत्या पाल्याचा ढीग बराच काळ तसाच पडून राहतो, आणि नुसत्या ओल्या कचऱ्याला दोन दिवसांत घाण सुटते. दोन्ही मिसळले की काम होतं. घरासाठी मी सोपं माप सांगते: ओल्या कचऱ्याच्या दुप्पट सुका पाला.

याच वेळी ती गोष्ट झाली जी त्या दिवसातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते. साताऱ्याच्या माण भागातून आलेल्या एक आजी, वय सत्तरीच्या पुढे, नातवाला घेऊन आल्या. नातवाच्या डोक्यावर पाटी, पाटीत काळी, ओली, मऊ माती. आजींनी ती माझ्यापुढे ठेवायला लावली. म्हणाल्या, "ही घाल. नाल्याच्या कडंची हाय. आमच्याकडं तळ्यातला गाळ वावरात टाकला की चार वर्सं पीक बघायला नगं." त्यांचं म्हणणं त्यांच्या गावापुरतं शंभर टक्के खरं होतं. धरणातला गाळ शेतात टाकण्यासाठी राज्य सरकारने 2017 मध्ये मोठी योजनाच काढली, ती याच जुन्या शहाणपणावर. पण ही माती मिठीला मिळणाऱ्या नाल्याची होती. मिठी विहार आणि पवईच्या सांडव्यातून निघते आणि सुमारे 18 किलोमीटर वाहत माहीमला समुद्राला मिळते. वाटेत साकीनाका, कुर्ला, सगळ्यांचं सांडपाणी आणि गाळ्यांमधलं तेल-रसायन घेत जाते. त्या गाळात शिसं आणि कॅडमियम असू शकतं. पालेभाज्या ते मातीतून ओढून पानांत साठवतात. धुऊन ते जात नाही, शिजवून जात नाही.

हे चारचौघांत सांगताना आजींचा मान जाऊ नये एवढीच मला काळजी होती. मी त्यांच्याजवळ खाली बसले. म्हटलं, "आजी, तुमच्या तळ्यात फक्त पावसाचं पाणी येतं ना? इथल्या नाल्यात कारखान्याचं येतं. माती चांगलीच होती, माणसांनी बिघडवली." त्यांनी पाटीत बोटं घातली, माती चिमटीत घेऊन नाकाजवळ नेली, बराच वेळ हुंगली. "तेलाचा वास येतुया," त्या स्वतःच म्हणाल्या आणि नातवाला पाटी जिथून आणली तिथे नेऊन टाकायला सांगितलं. वास न येणारा गाळही वाईट असू शकतो, हेही मी सगळ्यांना सांगितलं. शहरात बागकाम शिकवताना सर्वांत कठीण भाग हाच आहे. ज्यांनी आयुष्य शेतात काढलं त्यांना माझ्याहून जास्त कळतं. पण त्यांचं ज्ञान ज्या जमिनीवर घडलं ती जमीन इथे नाही. त्यातलं काय इथे चालतं आणि काय चालत नाही, एवढंच मी सांगू शकते. ते न सांगता "गावची माणसं, त्यांना सगळं माहीत आहे" असं म्हणून टाळ्या घेणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

असाच प्रश्न पिंपांचा आला. एक तरुण भंगारातून निळी प्लॅस्टिकची पिंपं अर्धी कापून घेऊन आला होता. साकीनाक्यात ती हवी तेवढी आणि स्वस्त मिळतात. पण वरचं लेबल खरवडलेलं. आत काय होतं ते कळायला मार्ग नाही. खाण्याच्या वस्तूसाठी अशी पिंपं वापरायची नाहीत, हा नियम मी कुणासाठी वाकवत नाही. रंगाच्या बादल्यांनाही तोच नियम. त्यात फुलझाडं लावा, भाजी नको. फर्निचरच्या गाळ्यांतला प्लायवूडचा भुसा फुकट मिळतो म्हणून लोक आणतात, त्यात डिंक आणि रसायनं असतात, तोही नको. मग काय वापरायचं? हॉटेलातले खाद्यतेलाचे 15 किलोचे डबे, फुटके पाण्याचे जार, भाजीबाजारातली मोडकी क्रेट. त्या तरुणाने पिंपं परत नेली आणि दुपारपर्यंत नाक्यावरच्या हॉटेलांतून तेलाचे डबे गोळा करून आणले.

ढीग आम्ही खालच्या पट्टीत लावला. दहा फूट लांब, तीन फूट रुंद, एक फूट उंच. भिजलेल्या पाल्याचा थर, त्यावर जुन्या कुंड्यांतल्या मातीचा पातळ थर, पुन्हा पाला. चार भाग पाला आणि एक भाग माती. प्रत्येक थर पायाने दाबायचा. ओल किती हवी हा प्रश्न दर वेळी येतो. मी दाखवते की मुठीत घट्ट दाबलं तर तळव्याला ओल लागली पाहिजे, पाणी टपकता कामा नये. आजींनी माझ्या हातातला लगदा घेतला, दाबला आणि म्हणाल्या, "भाकरीच्या पिठाएवढी. मग सरळ तसं सांग की." त्यानंतर एकाही बाईने मला ओल विचारली नाही. खाली आणि वर बारीक तारेची जाळी लावली. मुंबईत घुशींचा विचार न करता ढीग लावला तर आठवड्यात तो उकरलेला सापडतो. आणि आसपास पाणी साचू द्यायचं नाही, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. कुंड्यांखालच्या थाळ्या मी सगळ्यांना काढायलाच लावल्या.

या ढिगाचं वेळापत्रक असं. दर सात दिवसांनी तो वरखाली करायचा, असं चार वेळा. म्हणजे मार्चचा शेवट येतो, गुढीपाडव्याच्या आसपासचे दिवस. तेव्हा ढिगावर मिश्र बी पेरायचं. सहाही चवींची झाडं यावीत अशी मूळ कल्पना आहे. घरात निघेल ते चालतं. मेथी, मोहरी, अंबाडी, चवळी, मूग, धणे, राजगिरा. एकविसाव्या दिवशी रोपांचे शेंडे खुडून त्याच ढिगावर टाकायचे. बेचाळिसाव्या दिवशी पुन्हा. त्रेसष्टाव्या दिवशी सगळी झाडं मुळाशी कापून तिथेच अंथरायची, सुकली की पुन्हा ढीग वरखाली करायचा. कोवळं, मध्यम आणि जून अशा तिन्ही वयांचा पाला मातीत गेला म्हणजे तिन्ही प्रकारची अन्नद्रव्यं तिला मिळतात, अशी यामागची मांडणी आहे. सगळं मिळून पाचेक महिने लागतात. फेब्रुवारीत लावलेला ढीग मृगाच्या सरी पडून गेल्या की, जूनच्या अखेरीस किंवा जुलैत, माती होऊन हाती येतो. मुंबईतलं खरं पेरणीचं दिवसमान तेच आहे.

मी हे सांगत असताना काही चेहरे पडले. जुलैपर्यंत थांबायचं? अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना शब्द दिला होता, थोडं लावू म्हणून. दुपारी आम्ही गच्चीवर गेलो. क्रेटच्या तळाला शहाळ्यांचे तुकडे, ते पाणी धरतात आणि वजनाला हलके. त्यावर पाल्याचा चुरा, मग मी आणलेलं जुनं खत आणि अगदी वर चार बोटं माती. पेरलं ते फक्त मेच्या आधी ताटात येईल असं: तांदुळजा, लाल माठ, मुळ्याचा पाला. तीन-चार आठवड्यांत कापणीला येतात. पालक आणि कोथिंबीर आता नको, उन्हात लगेच तुऱ्यावर येतात. ज्यांना मेमध्ये इथेच राहायचं आहे त्यांच्यासाठी भेंडी, आणि कठड्यालगत दोरीवर दुधी, कारलं.

कारल्याचं बी पेरायला घेतलं तेव्हा जौनपूरकडचे एक भाजीवाले काका पुढे आले. तोवर ते कोपऱ्यात नुसते उभे होते. त्यांनी बी हातात घेऊन टोकाला नखाने हलकीच चीर दिली, रात्रभर भिजवा म्हणाले, मग ओल्या फडक्यात बांधा, मोड आला की लावा. दुधीची गोष्ट त्यांनी त्याहून चांगली सांगितली. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. इतक्या उंच गच्चीवर, या गर्दीत, फुलापर्यंत किडा येईलच असं नाही. तेव्हा नर फूल तोडायचं आणि ज्या फुलाखाली छोटा दुधी दिसतो त्या फुलाला ते हाताने लावायचं, अंधार पडायच्या आत. दोन मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं. हे काका रोज याच इमारतीखाली हातगाडी लावतात. त्यांच्या वडिलांची कारल्या-दुधीची शेती होती हे त्या दिवसापर्यंत इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

पाण्याचं ठरवलं ते असं. तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेलं पाणी प्रत्येक घराने एका बादलीत ठेवायचं, संध्याकाळी वर न्यायचं. साबणाचं नको. मार्चच्या मध्यापासून वर हिरवी जाळी बांधायची, निम्मं ऊन अडेल अशी, आणि मातीवर दोन बोटं पाल्याचं आच्छादन. आच्छादन असलं की पाणी निम्म्यावर येतं हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे, आणि तरी लोक तेच आधी विसरतात. उघडी माती त्यांना स्वच्छ वाटते.

शेवटचं काम मी कागदावर केलं: मे महिन्यात कोण कुठे असेल. माझ्या मते कुठल्याही सामूहिक बागेचा हा सर्वांत गरजेचा कागद आहे. मालवण, चिपळूण, पाटण, प्रतापगढ, जौनपूर अशी गावांची नावं भराभर आली. राहणाऱ्यांची यादी लहान होती. त्यात त्या आजींनी आपलं नाव स्वतःहून सांगितलं. मुलगा-सून गावी जातील, त्या जाणार नाहीत. "उन्हाळ्यात गावाला टँकर येतो. मी गेले की एका माणसाचं पाणी वाढतं," त्या म्हणाल्या. "हितं निदान बादलीभर तरी मिळतं. ढिगावर मी शिपडीन." कुणीच काही बोललं नाही. अध्यक्षबाईंनी ढिगाच्या पुढे त्यांचं नाव लिहिलं.

त्यानंतर पाडव्याला मी पुन्हा गेले होते. ढिगात हात घातला तर आत ऊब होती आणि बदामाची पानं ओळखू येईनाशी झाली होती. गच्चीवर पूर्वेला कुरडया वाळत होत्या, पश्चिमेला लाल माठ दुसऱ्यांदा फुटला होता. ढिगावर बी पेरलं ते इमारतीतल्या पोरांनी. उरलेलं काम आजी आणि यादीतल्या आणखी दोघी-तिघी करणार आहेत.

माझी वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या गल्लीत आत्ता पाला पडत असेल तर झाडणाऱ्या ताईंशी बोला, चार गोण्या बाजूला ठेवून घ्या आणि इमारतीच्या मागची एखादी पट्टी साफ करा. रोपं विकत आणू नका. आणि मेमध्ये गावाला जाल तेव्हा येताना मूठभर बी घेऊन या. घरच्या घेवड्याचं, वालाचं, पडवळाचं, पावसाळी काकडीचं, जे तुमच्या आईने किंवा चुलतीने राखेत घोळून मडक्यात ठेवलं असेल ते. जूनच्या अखेरीस किंवा जुलैत ढिगाची माती तयार झाली की तिच्यात लगेच पेरा.